चांदी काळी पडेना

१२ नोव्हेंबर

पंपघराची किल्ली माझ्या खिशात आहे. लिहितानाही दोनदा चाचपून पाहिली.

गरम पाण्याच्या सोसायटीची बैठक बेर्गुरच्या स्वयंपाकघरात झाली. सात घरांची सात माणसं. केतिल गेल्यापासून पंपघर कुणाच्याच अंगावर नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता आणि बिघडलं की बेर्गुर शिव्या देत जाऊन ठीक करत होता. मी म्हटलं, मी बघते. सगळे एकदम आपापल्या कॉफीत बघायला लागले.

"दीरफिन्ना, तू शाळेत स्वयंपाक करायचीस," बेर्गुर म्हणाला.

"हो. आणि एवढ्या वर्षांत एकदाही पातेलं करपू दिलं नाही. तुझ्या पोरांना विचार."

हात वर झाले. बेर्गुरचा सगळ्यांत शेवटी. किल्ली देताना मला म्हणतो कसा, "केतिलने जे जसं बांधलंय, ते तसंच राहू दे." म्हणजे मी सगळं उचकटायलाच निघाले आहे! केतिल माझा नवरा होता, याचा नव्हे. पण बोलले नाही. किल्ली हातात आली होती.

घरी येऊन हाल्लाला फोन केला. मुलगी आनंदली. "आई, म्हणजे आता माझ्या बाळाची ऊब तुझ्या हातात," म्हणाली. ती आणि तिचा नवरा योकुल उन्हाळ्यात ब्रेक्का नावाच्या घरात राहायला आली. नळाच्या पार टोकाचं, शेवटचं घर. बाळ जानेवारीत होईल. या खोऱ्यात पाळणा हलल्याला किती वर्षं झाली ते कुणालाच नीट आठवत नाही. योकुलचा मात्र एक पाय अजून आकुरेरी शहरातच आहे. "एक हिवाळा काढून बघू," असं तो येताजाता म्हणतो. माणूस वाईट नाही, पण हे वाक्य त्याने पुन्हा म्हटलं तर मी त्याच्या डोक्यात वाडगा घालीन.

एक हिवाळा. ठीक आहे. तो कसा निभवायचा ते बघतेच मी.

१८ नोव्हेंबर

आज पंपघर घासूनपुसून स्वच्छ केलं. उजेड जेमतेम जेवणाच्या वेळेपुरता असतो हल्ली, बाकी काम दिव्यावर.

शहरातून आलेल्या लोकांना वाटतं, खाली जाळ पेटलाय आणि आम्ही त्यावर हात शेकतो. जाळबिळ काही नाही. शेकडो वर्षांपूर्वी वरच्या पठारावर पडलेला पाऊस आणि बर्फ भेगांतून खाली मुरतो, खोल तापलेल्या खडकात पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळतो आणि वाट मिळाली की वर येतो. आमच्या सातशे मीटरच्या विहिरीने अशी एक भेग पकडली आहे. पाणी वर येतं ते अठ्ठ्याऐंशी अंशांचं. ते टाकीत, टाकीतून जमिनीखालच्या नळाने सात घरांना. घरातल्या रेडिएटरमधून फिरलं की उरलेल्या उबेने अंगणाच्या फरशा कोरड्या ठेवतं आणि मग ओढ्यात जातं. प्रत्येक घराच्या दाराशी नळात एक बारीक भोकाची चकती बसवली आहे, वर सील. ज्याच्या त्याच्या वाट्याचं पाणी त्या भोकातून जाईल तेवढंच. बस्स, एवढा हा कारभार.

पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. आम्हाला तो वासच वाटत नाही. चांदी मात्र या पाण्यात धुवायची नाही, लगेच काळी पडते, हे इथल्या पोरांना चालायला लागायच्या आधी कळतं. आणि घर फार तापलं तर रेडिएटर बंद करायचा नसतो, खिडकी उघडायची असते. बाहेर बर्फ पडतोय आणि सातही घरांच्या खिडक्यांतून पडदे बाहेर फडफडताहेत, असं आमचं खोरं. योकुल पूर्वेच्या फ्योर्दांतला, समुद्राच्या खाड्यांकडचा, तिकडे विजेवर घर तापवतात. तो कंजुषाच्या मुलासारखा रेडिएटरचं चाक फिरवत बसतो. मी तिकडे गेले की खिडकी उघडते, तो मागून येऊन लावतो.

टाकीला ओढ्याच्या थंड पाण्याचा एक बारीक नळ जोडलेला आहे, उन्हाळ्यात टाकी धुवायला. त्याचं चाक केतिलने लाल तारेने घट्ट बांधून ठेवलंय. बघून हसू आलं आणि मग डोळे भरले. या माणसाने काय नाही बांधलं तारेने? फाटक, चष्मा, कॉफीच्या डब्याचं झाकण.

३० नोव्हेंबर

थंडी आली. उणे बारा.

हाल्लाचा फोन, बाळासाठी केलेली खोली गार पडते. पंपघरात जाऊन पाहिलं तर टाकी अर्ध्यावर. थंडीत सगळेच जास्त पाणी ओढतात, विहिरीतलं पाणी खाली जातं, पंप उगाच धापा टाकतो. जे आहे ते आधीची सहा घरं पिऊन टाकतात आणि शेवटी ब्रेक्काला उरतं चूळभर.

बेर्गुरच्या घराशी पाहुण्यांसाठी दोन झोपड्या आहेत आणि एक गरम टब. परदेशी लोक त्यात बसून आकाशातले हिरवे दिवे बघतात. माझ्या नातवंडाची ऊब त्या टबातून वाफ होऊन जातेय. त्याला फोन केला.

"बेर्गुर, तुझ्या सीलला कुणी हात लावलेला नाही ना?"

"कोण लावणार?"

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

"घेतलंस की. मला फोन केलास," म्हणाला आणि त्याने ठेवून दिला.

२ डिसेंबर

आज माझं डोकं चाललं!

शाळेत ऐन वेळी चार पोरं जास्त आली तर मी काय करायचे? सूपमध्ये पाणी वाढवायचे, मीठ सारखं करायचे. कुणाला कळायचं नाही आणि सगळी जेवायची. अठ्ठ्याऐंशीचं पाणी तसंही कुणाला सोसत नाही, प्रत्येक घरात तोटीशी थंड मिसळतातच. मग ते इथेच मिसळलं तर काय बिघडलं? पाणी वाढेल, टाकी भरेल, दाब टोकापर्यंत पोहोचेल.

पक्कड आणली, केतिलची लाल तार तोडली, चाक अर्धा फेरा फिरवलं. टाकी भरत गेली तसा काटा वर जाताना बघितला आणि एकटीच हसले. पाणी अठ्ठ्याहत्तरला आलं. भरपूर झालं की.

संध्याकाळी हाल्लाचा फोन. "आई, काय जादू केलीस? खोली भट्टीसारखी झालीये. योकुलने स्वेटर काढला!"

"किल्ली कुणाकडे आहे?" मी म्हटलं.

तारेबद्दल कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं काय त्यात.

७ डिसेंबर

दुकानाशी बेर्गुर भेटला. "पाण्याला हल्ली वास येत नाही," म्हणाला, कपाळाला आठ्या घालून.

"तुझ्या पाहुण्यांना बरंच झालं की. नाक धरून बसायचे बिचारे."

"मी एकदा पंपघरात डोकावून जातो."

"किल्ली माझ्याकडे आहे आणि सगळं ठाकठीक आहे."

तो उभाच राहिला, काहीतरी चघळत असल्यासारखा. मग गेला. लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, आणि हा तर लहानपणापासून असाच. वास गेला म्हणून तक्रार करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

१६ डिसेंबर

विहिरीजवळच्या तापलेल्या मातीत रायच्या पावाचं भांडं पुरून आले. उद्यापर्यंत होईल. हाल्लाला त्यावर लोणी आणि धुरी दिलेला मासा लागतो, गरोदरपणात तर जास्तच.

ब्रेक्का पुन्हा गार. चाक आणखी अर्धा फेरा उघडलं. गाळणीत पांढरं, बुळबुळीत काहीतरी साचलं होतं, नाताळच्या तांदळाच्या खिरीवर येते तशा सायीसारखं. धुऊन टाकलं. जुना नळ आहे, खरवड निघत असेल. गाळणी स्वच्छ असल्यावर काटा बरा दिसतो, म्हणून आता रोज धुते.

२५ डिसेंबर

हाल्लाकडे जेवले. धुरावलेलं मेंढीचं मटण, नक्षीच्या पातळ पोळ्या, सगळं तिनेच केलं, एवढं पोट घेऊन. सगळ्यांनी जाड स्वेटर घातले होते आणि कुणी त्याबद्दल बोललं नाही. खिडक्या बंद होत्या. त्या घरच्या खिडक्या नाताळला बंद मी कधी पाहिल्या नव्हत्या.

निघताना अंगणातून बेर्गुरची जीप लांबून येताना दिसली. विचारलं तर हाल्ला म्हणाली, "असाच आला असेल." नाताळच्या दिवशी, असाच! आपण पाणी चोरायचं आणि वर माझ्या पोरीची चौकशी करायची. रस्त्यात त्याने हात केला, मी केला नाही.

वाटेत पंपघरात जाऊन चाक आणखी फिरवून आले.

१० जानेवारी

मुलगी झाली. काल, आकुरेरीत. दोघी खुशाल. डोक्यावर केतिलसारखं ताठ, पिवळं जावळ. नाव अर्थातच बारशाआधी सांगणार नाहीत, मी तीन वेळा आडून आडून विचारलं. मी आजी झाले, आजी! घरात एकटीच मोठ्याने म्हणून बघितलं.

माझ्या आईचा चांदीचा चमचा कपाटातून काढला, कापडाने पुसून लखलखीत केला. बारशाला देणार.

१७ जानेवारी

बाळ घरी आलं आणि त्या घरात सोळा अंश आहेत.

योकुल आज "एक हिवाळा" म्हणाला नाही. मला त्याची जास्त भीती वाटली. तो बाळाला छातीशी, शर्टाच्या आत घेऊन बसला होता. म्हणाला, "दीरफिन्ना, आकुरेरीत माझ्या बहिणीची एक खोली रिकामी आहे."

"विजेची शेगडी लावा ना."

"एक लावलीय. दुसरी लावली की घराची वीज जाते."

"एक कुठून आली?"

त्याने हाल्लाकडे बघितलं, हाल्लाने बाळाकडे.

पंपघरात आले आणि थंड पाण्याचं चाक जाईल तेवढं उघडलं. शेवटपर्यंत. काटा हलला, पण पूर्वीसारखा नाही. पाणी जातंय मग पोहोचत का नाही? मधेच कुणीतरी ओढतंय, दुसरं काय असणार. गेली ती पोर तर परत येणार नाही. आकुरेरीला गेलेलं कोण परत आलंय? मग रविवारी दूरवरून येतात, केक खातात, घड्याळ बघतात. मला तसली आजी व्हायचं नाही. मला तिच्या ओल्या दुपट्यांचा वास हवाय.

२४ जानेवारी

काल थोरीची, ऐन हिवाळ्याच्या महिन्याची मेजवानी झाली, समाजगृहात. मी जे केलं ते लिहून काढते, म्हणजे बघता येईल.

दरवर्षीसारखी सोंगं झाली. यंदा नक्कल माझी होती. एकाने माझा निळा स्कार्फ बांधून, हातात भला मोठा थर्मामीटर घेऊन सगळ्यांच्या काखेत खुपसला. "हिला ताप नाही, हिचं पाणी बंद करा!" सगळे पोट धरून हसले. मीही हसायला हवं होतं. पण हाल्ला तिथे नव्हती, ती ब्रेक्कात अंगावर तीन रजया घेऊन बसली होती. आणि माझ्यासमोर बेर्गुर आंबवलेला शार्क चघळत होता.

मी उठले. म्हटलं, "ताप बघायचाच असेल तर बेर्गुरच्या टबात बघा. सील तोडून पाणी ओढतो आणि तिकडे माझी नात थंडीने निळी पडतेय."

बेर्गुरने काटा खाली ठेवला. वाटलं, आता ओरडेल. त्याने फक्त बायकोचा कोट उचलला, तिला घालायला मदत केली आणि दोघं निघून गेली.

२५ जानेवारी

सील बघायला गेले. माझा तो हक्कच आहे, सोसायटीने दिलेला.

सील शाबूत. तारेवर केतिलचा शिक्का जसाच्या तसा. मग मागे गेले. टब कोरडा होता, त्यात कमरेएवढा बर्फ. झोपड्यांचे नळ बंद करून वर पोती गुंडाळलेली, आणि पोत्यांवरचा बर्फ घट्ट होऊन गेलेला.

बेर्गुरची बायको लोविसा दारात आली. आत ये म्हणाली नाही.

"नाताळच्या आधीच बंद केलंय सगळं," ती म्हणाली. "त्याला वाटलं, तेवढंच ब्रेक्काला जाईल. आमची शेगडीही तिकडेच आहे. हाल्लाने सांगितलं नाही?"

"नाही."

"तोच म्हणाला होता नको सांगू. तू चिडशील म्हणून."

परत कशी आले ते आठवत नाही. उद्या त्याची माफी मागायला हवी. पण मग पाणी जातंय कुठे? विहीरच आटत चालली असेल तर? तसं असेल तर या खोऱ्याचं सगळंच संपलं.

२७ जानेवारी

वादळ. समोरचं फाटक दिसत नाही. उणे अठरा.

दुपारी हाल्लाचा फोन. पाणी पूर्ण थांबलं. तोटीतून थेंब नाही, रेडिएटर हाताला गार. रात्रीत आतलं पाणी गोठून ते फुटतील. मी फोनवर ओरडत राहिले, बाळाला गुंडाळ, बाळाला गुंडाळ. जणू तिला ते कळत नव्हतं.

रस्ता गाडीला बंद होता. बेर्गुर ट्रॅक्टर घेऊन गेला. मी सांगितलं नव्हतं त्याला, सांगायचं तोंडच नव्हतं. खिडकीला नाक लावून उभी राहिले. दिवे दिसायचे, गायब व्हायचे, पुन्हा दिसायचे. एकदा इतका वेळ दिसले नाहीत की मी दार उघडून बर्फात उतरले. मग ते आले. हाल्लाच्या कोटाच्या आत बाळ, बाळाच्या अंगावर लोविसाची पिसांची दुलई. योकुल मागे उभा, भुवयांवर बर्फ. बेर्गुर खाली उतरला नाही.

"रेडिएटर रिकामे केलेत, फुटणार नाहीत," एवढं म्हणाला आणि वळला.

माझं घर नळावरचं पहिलं, म्हणून अजून कोमट आहे. बाळ माझ्या पलंगावर झोपलंय. गाल गार होते, आता नाहीत. मी सारखी हात लावून बघते, हाल्ला रागावते.

योकुल म्हणाला, "रस्ता उघडला की आम्ही जातो." मी मान हलवली.

२८ जानेवारी

काय लिहू!

रात्री हाल्लाने बाळाचं औषध माझ्या आईच्या चमच्याने दिलं. कपाटात समोर तोच दिसला म्हणाली. आणि झोपेच्या भरात गरम पाण्याच्या भांड्यात टाकून झोपली. सकाळी मी ओट्यापाशी गेले, पाण्यात चमचा बघितला आणि किंचाळले, "अगं, चांदी! गरम पाण्यात!"

"आई गं! विसरलेच. काळा पडला?"

बाहेर काढला. लख्ख. रात्रभर आमच्या गरम पाण्यात पडून माझ्या आईचा चमचा लख्ख होता.

"बरं झालं, वाचला," हाल्ला म्हणाली.

मी तो खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला. वास नाही. डाग नाही. हे आमचं पाणी नव्हतं. डोंगराखालून येणारं पाणी चांदीला सोडत नाही. मी त्याच्यात ओढा ओतून ओतून त्याला दुसरंच काहीतरी करून ठेवलं होतं. आणि ते दुसरं काहीतरी रोज गाळणीत मला दिसत होतं, पांढरं, सायीसारखं, आणि मी ते रोज धूत होते. गाळणीच्या पुढे जे साचत गेलं असेल ते कोण धूत होतं?

लाल तार. केतिल, तू सगळंच बांधायचास रे! मला कसं कळणार होतं की त्यातली एक तार खरी आहे?

वादळातच पंपघरात गेले. चाक बंद केलं. आणि आता खरं लिहिते. खिशात तार घेऊन गेले होते. केतिलच्या डब्यातली, लालच. चाकाला बांधली, जशी होती तशी. उभी राहून बघितलं. कुणालाही कळणार नाही. जुना नळ, जुनी विहीर, बिचारी दीरफिन्ना काय करणार. हाल्ला आकुरेरीहून दर रविवारी फोन करेल आणि कधीच कळणार नाही तिला की तिने गारठा सांगितला की मी तो आणखी वाढवत होते.

पाय गोठेपर्यंत तिथे उभी होते. मग बेर्गुरकडे गेले.

त्याने दार उघडलं. मी म्हटलं, "मी केतिलची तार तोडली. डिसेंबरात. ओढ्याचं पाणी टाकीत सोडलं."

तो दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "बूट काढ. आत ये."

२९ जानेवारी

वारा पडल्यावर टाकीच्या तोंडाचा नळ कापला. बेर्गुर आणि मी. आत पांढरा दगड. किटलीत साचतो तसा, पण मुठीएवढा जाड. मधे करंगळी जाईल एवढंच भोक उरलेलं. आमच्या पाण्यात काचेचा अंश विरघळलेला असतो, ओढ्याच्या पाण्यात वेगळे क्षार. दोन्ही तापून एकत्र आली की दगड धरतो. घराघरांतल्या त्या बारीक भोकांच्या चकत्यांत सगळ्यांत आधी. केतिलने आणि याने तरुणपणी दुसऱ्या एका खोऱ्यात हे पाहिलं होतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"किल्ली देताना सांगितलं."

"ते सांगणं होतं? मला टोमणा वाटला."

"मी टोमणा मारला की लोकांना कळतो."

नळाचा तुकडा आमच्या दोघांच्या मधे पडला होता. मी म्हटलं, "केतिलने तरी मला सांगायचं. एवढी वर्षं एका ताटात जेवलो."

"तू विचारलंस कधी? त्या तारेबद्दल?"

नाही विचारलं. तारेवरून हसले मात्र रोज.

"मेजवानीत जे बोलले..." मी सुरू केलं.

"सगळ्यांसमोर बोललीस, सगळ्यांसमोरच परत घे," तो म्हणाला. "आत्ता तो पाना दे."

३१ जानेवारी

समाजगृहात, सगळ्यांसमोर, परत घेतलं. सगळं सांगितलं, तारेपासून चमच्यापर्यंत. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. किल्ली टेबलावर ठेवली.

बेर्गुरने ती माझ्याकडे सरकवली. "एवढ्या वर्षांत एकदाही करपलं नाही म्हणत होतीस," तो म्हणाला. "आता करपलंय. यापुढे आच सोडून जाणार नाहीस."

तेव्हा मात्र सगळे हसले, आणि मी रडले.

ठरलं ते असं. सगळ्या घरांच्या चकत्या काढून लिंबाच्या सताने साफ करायच्या, पहिल्या टप्प्याचा नळ बदलायचा, टब सगळ्यांचेच बंद आणि उन्हाळ्यात पंप विहिरीत आणखी खोल उतरवायचा. नळ आतून पूर्वीसारखा कधीच होणार नाही.

हाल्ला घरी होती. तिला वेगळं सांगावं लागलं. तिचं बोलणं फार हळू आलं. "म्हणजे मी तुला फोन करायचे, आणि तू जाऊन..."

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. रस्ता एकदोन दिवसांत उघडेल. योकुलने पिशव्या भरून दाराशी ठेवल्या आहेत.

२ फेब्रुवारी

रस्ता उघडला. योकुलने ब्रेक्काहून गाडी आणून भरली. हाल्ला माझ्याशी बोलली ते दुपटी कुठे आहेत एवढंच. मी पायरीवर उभी होते. गाडी फाटकाशी गेली आणि डावीकडे आकुरेरीला वळायच्या ऐवजी उजवीकडे, ब्रेक्काकडे वळली.

बेर्गुर सांगत होता, योकुल काल त्याच्याबरोबर दिवसभर ब्रेक्काची चकती घासत होता. मला वाटलं, घर नीट बंद करून जायचं म्हणून. दोन दिवस बघू, असं हाल्ला म्हणाल्याचं लोविसाकडून कळलं. मला नाही सांगितलं.

फोन करणार नाही. आमच्या फोनांनी पुरेसं झालंय.

४ फेब्रुवारी

फोन नाही.

रोज ओट्यावर भांड्यात चमचा ठेवते. परवा लख्ख. काल कडेने पिवळट. आज सकाळी काळा, दांड्यापर्यंत काळा, चुलीतून काढल्यासारखा. आणि स्वयंपाकघरात अंड्याचा तो वास. मी तो चमचा छातीशी धरून उभी राहिले. बारशाला असाच नेणार, बोलावलं तर. घासणार नाही.

दुपारी बर्फ पडायला लागला. केतिलची दुर्बीण घेतली, तिचाही पट्टा तारेने बांधलेला. ब्रेक्काकडे लावली. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी लावली. धुराडं नसलेल्या घरात कुणी आहे की नाही ते लांबून कळत नाही. गाडी दिसली. पिशव्या दिसल्या नाहीत.

मग बाळाच्या खोलीची खिडकी हलली. बर्फ पडत होता आणि योकुलने, त्या विजेवाल्यांच्या मुलाने, खिडकी सताड उघडली. पडदा बाहेर आला आणि फडफडायला लागला. तो नुसत्या शर्टात होता, एका हातावर बाळ. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि खिडकी तशीच ठेवून आत गेला.